गार्डचा मॅनेजर झाला म्हणून गाडी लेट होत नाही

परभणी-पूर्णेकडच्या आमच्या तिन्ही ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: निजामाच्या रेल्वेत माणूस कोळसा मारता मारता ड्रायव्हर व्हायचा, लोक त्याच्या गाडीवर घड्याळ लावायचे. आता काल गार्ड होता तो आज मॅनेजर. कलेक्टरकीची परीक्षा देणारी पोरं रेल्वे चालवतात. ना अनुभव, ना ट्रेनिंग. म्हणून अपघात वाढले आणि म्हणूनच मराठवाड्यात गाड्या लेट.

माझ्या सख्ख्या मामांनीही तो पुढे ढकलला. मामा पूर्णेच्या शेडमध्ये फायरमन होते, त्यामुळे त्यांच्याकडून आला की लोकांना खरा वाटतो. मामा, राग मानू नका, पण यातलं बरंच चूक आहे.

आधी तो ‘मॅनेजर’. जानेवारी 2022 मध्ये रेल्वेने गार्ड या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. बदललं फक्त नाव. पगाराची श्रेणी तीच, शेवटच्या डब्यातली जागा तीच, हातातली हिरवी-लाल झेंडीही तीच. कुणालाही रातोरात साहेब केलेलं नाही. विषय संपला.

ट्रेनिंग नाही, हे मात्र अगदीच उलट आहे. आज असिस्टंट लोको पायलट, म्हणजे ड्रायव्हरचा सहायक, व्हायचं तर आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो, मग भरती मंडळाची परीक्षा, वर संगणकावरची अभियोग्यता चाचणी, आणि डोळ्यांची सगळ्यात कडक ए-वन तपासणी. त्यात कितीतरी हुशार पोरं गळतात. मग ट्रेनिंग स्कूल. त्यानंतरही इंजिनात ड्रायव्हरशेजारी बसून सिग्नल पुकारायचे, मग शंटिंग (यार्डात डबे जोडणं-हलवणं), मग मालगाडी, मग पॅसेंजर, आणि सगळ्यात शेवटी मेल-एक्स्प्रेस. म्हणजे मामा, तुमची शिडी अजून तशीच उभी आहे, फक्त खालच्या पायरीवरचा कोळसा गेला. त्यात ‘लर्निंग रोड’ वेगळंच. चढ कुठे, वळण कुठे, कोणता सिग्नल झाडाआड लपतो, हे दिवसा आणि रात्री फेऱ्या करून पाहायचं आणि मार्ग कळला म्हणून सही करायची. त्याशिवाय त्या मार्गावर गाडी हाती देत नाहीत. तीन महिन्यांहून जास्त खंड पडला तर पुन्हा लर्निंग. स्टेशन मास्तरालाही सक्षमता प्रमाणपत्राशिवाय सिग्नल-सांधे हलवणाऱ्या पॅनेलला हात लावता येत नाही, आणि दर तीन वर्षांनी रिफ्रेशरला जावं लागतं. दक्षिण मध्य रेल्वेची माणसं त्यासाठी मौला अलीला जातात, सिग्नलवाले सिकंदराबादच्या इरिसेट या सिग्नल प्रशिक्षण संस्थेत. फायरमनच्या काळी शिकवणारा एकच, वरचा ड्रायव्हर. तो चांगला निघाला तर नशीब.

‘कलेक्टरकीची पोरं’ या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण गणित चुकलंय. 2019 च्या डिसेंबरात केंद्राने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करायचं ठरवलं आणि 2022 पासून अधिकारी नागरी सेवा परीक्षेतून घ्यायला सुरुवात केली. इंजिनिअर कुठून येणार, ही ओरड तेव्हाच झाली. ती बरोबरच होती, कारण 2024 मध्ये सरकारनेच इंजिनिअरिंग सेवा परीक्षेचं दार पुन्हा उघडलं. पण 2022 ची तुकडी आज नांदेड विभाग चालवते का? डीआरएमच्या, म्हणजे विभागप्रमुखाच्या, खुर्चीत बसतो तो माणूस वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेला असतो. मेसेजवाल्याला ज्यांचा राग आलाय ती पोरं अजून फायलींवर शेरे लिहायला शिकतायत.

आता अपघात. रेल्वे ज्यांना ‘परिणामकारक’ म्हणते असे, म्हणजे मोठी हानी झालेले, अपघात 2000-01 मध्ये 473 होते, 2014-15 मध्ये 135, 2024-25 मध्ये 31. या व्याख्येत छोटी घसरण धरत नाहीत हे मान्य, पण उतार इतका मोठा की ‘वाढले’ म्हणायला जागा नाही. आणि जुन्या काळाबद्दल म्हणाल तर सप्टेंबर 1956 मध्ये, मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात असताना, त्याच राज्यातल्या महबूबनगरजवळ पूल कोसळून शंभरहून जास्त माणसं गेली. तेव्हा लोक गाडीवर घड्याळ लावायचे म्हणे. माझ्या आजीचं घड्याळ कायम मागं का असायचं ते आता कळलं.

गाड्या लेट का, याचं उत्तर सेलूच्या नाहीतर परतूरच्या फलाटावर उभं राहिलं की दिसतं. समोरून गाडी यायची आहे, लाइन एकच, क्रॉसिंगला थांबा. मास्तर कितीही शिकलेला असो, एका रुळावरून समोरासमोर दोन गाड्या तो नेऊ शकत नाही. परभणी-मुदखेड दुहेरी झालं. परभणी ते छत्रपती संभाजीनगर दुहेरीकरणाला मंजुरी मिळायला 2025 चा जुलै संपावा लागला. हा उशीर मास्तराच्या माथी मारू नका.

एवढं सगळं खोडून एक गोष्ट उरते, आणि ती मेसेजमध्ये नीट आलेलीच नाही. 17 जून 2024 ला बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. सिग्नल बिघडले होते, ते ओलांडायची लेखी परवानगी दिली होती, पण वेग किती ठेवायचा ते त्यात नव्हतं. स्वयंचलित सिग्नलच्या मार्गावर गाडी कशी चालवायची याचं मार्गदर्शन लोको पायलट आणि मास्तरांना पुरेसं दिलेलं नव्हतं, असं रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं. म्हणजे ट्रेनिंग आहे, पण नवं यंत्र आलं की ते मागे पडतं. आमच्या मनमाड-मुदखेड मार्गावर ‘कवच’, म्हणजे टक्कर टाळायला गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा, बसलंय. ते वापरणाऱ्या किती जणांचा सराव पक्का झाला, हे विचारायला हवं.

दुसरं, माणसंच कमी. 2024 च्या जानेवारीत असिस्टंट लोको पायलटच्या 5,696 जागांची जाहिरात आली होती. रंगापाणीच्या अपघाताच्याच महिन्यात तो आकडा 18,799 झाला. एवढी गरज पाच महिन्यांत उगवली नव्हती. जागा रिकाम्या राहिल्या की असलेल्यांना सलग चार-चार रात्री गाडीवर जावं लागतं. दोनच रात्री द्या, ही लोको पायलटांची जुनी मागणी आहे. मामा, चौथ्या रात्री पहाटे तीनला डोळ्यांचं काय होतं, हे तुम्ही मला सांगितलंय. ते ग्रुपवर लिहा की.