जॅझवाल्यांची आत्मचरित्रं वाचू नका म्हणे!

जॅझ नुकतं ऐकायला लागलेल्या कुणी "काय वाचू?" असं विचारलं की हल्ली एक ठरलेलं उत्तर येतं आणि लोक तेच पुढे पाठवत राहतात: या लोकांची आत्मचरित्रं त्यांनी स्वतः लिहिलेलीच नसतात, निम्म्या गोष्टी थापा असतात, उरलेलं सगळं ड्रग्ज आणि बायका, संगीताबद्दल त्यात काही नसतं, म्हणून पुस्तकं सोडा, रेकॉर्ड ऐका. असे चार आरोप आहेत आणि चारही अर्धवट माहितीवर केलेत. नवीन माणूस हे वाचून पुस्तकांच्या वाटेलाच जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

स्वतः लिहीत नाहीत, हा पहिला. ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग दौऱ्यावर टाइपरायटर सोबत घेऊन फिरायचा, रात्री कार्यक्रम संपला की लांबलचक पत्रं टाइप करत बसायचा. 1954 चं 'सॅचमो' हे त्याच्या बालपणाचं पुस्तक त्याच्या स्वतःच्याच मजकुरातून तयार झालंय. 1936 च्या पहिल्या पुस्तकावर दुसऱ्यांचा हात बराच फिरलाय, ते खुशाल बाजूला ठेवा. पण 1999 मध्ये थॉमस ब्रदर्सने त्याचं लिखाण 'इन हिज ओन वर्ड्स' नावाने एकत्र छापलं, त्यात त्याचं स्पेलिंग आणि विरामचिन्हंसुद्धा त्याच्या पद्धतीने ठेवलीत. लहानपणी ज्या गरीब ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या आणि कोळशाच्या गाडीवर तो काम करायचा त्या कार्नोफ्स्कींच्या आठवणी त्याने 1969 मध्ये आजारी असताना लिहायला घेतल्या, त्याही यात आहेत, आणि त्या वाचताना हे दुसऱ्याने लिहिलंय अशी शंकाच येत नाही.

बाकी बरीच पुस्तकं शब्दांकन केलेली आहेत हे खरंय, पण म्हणून ती त्यांची नाहीत का? 'सांगत्ये ऐका'चं शब्दांकन अरुण साधूंनी केलं म्हणून ते हंसा वाडकरांचं नाही असं आपल्यापैकी कुणी म्हणतं का? सॅक्सोफोनवाल्या आर्ट पेपरचं 'स्ट्रेट लाइफ' (1979) त्याच्या बायकोने, लॉरीने, त्याला टेपवर बोलतं करून उभं केलं, आणि मधेमधे त्याला ओळखणाऱ्या इतर लोकांच्या मुलाखतीही घातल्या, त्यामुळे तो स्वतःबद्दल काय सांगतो आणि बाकीच्यांना तो कसा दिसला हे दोन्ही एकाच पुस्तकात मिळतं.

आता थापांचं बोलू, कारण खरी गंमत इथे आहे. गायिका बिली हॉलिडेचं 'लेडी सिंग्ज द ब्लूज' 1956 मध्ये आलं, पत्रकार विल्यम डफ्टी तिच्यासोबत लेखक. पहिल्याच ओळींत ती सांगते की आईबापांचं लग्न झालं तेव्हा बाप अठराचा, आई सोळाची आणि मी तीन वर्षांची. हे चूक आहे. त्यांचं लग्न झालंच नव्हतं, आणि आईच वयाने मोठी होती. जन्म बाल्टिमोरचा सांगते, तो खरा फिलाडेल्फियाचा. काळ्यांना झाडाला लटकावून मारण्यावरचं गाणं 'स्ट्रेंज फ्रूट', त्याची चाल बसवण्यात आपलाही वाटा होता असं सांगते, तर शब्द आणि चाल दोन्ही एबल मीरोपोलची. तिच्या चरित्रकारांनी कागदपत्रं आणि मुलाखती धुंडाळून हे सगळं बाहेर काढलंय, आणि जॉन श्वेडच्या 2015 च्या पुस्तकात तर छापण्याआधी कायद्याच्या भीतीने काय काय गाळलं गेलं तेही सापडतं, म्हणजे पुस्तकातल्या सगळ्याच उणिवा तिच्या माथी मारता येत नाहीत. मला विचाराल तर हे सगळं माहीत झाल्यावर ते पुस्तक जास्त वाचावंसं वाटतं. बाप, क्लॅरेन्स हॉलिडे, गिटार वाजवायचा, लवकरच सोडून गेला, 1937 मध्ये टेक्ससमध्ये न्यूमोनियाने वारला, आणि काळा म्हणून हॉस्पिटलांनी त्याला दारात उभं केलं नाही असं ती सांगते. 'स्ट्रेंज फ्रूट' गाताना हाच बाप आठवायचा म्हणते. ज्या मुलीला असा बाप मिळाला तिने पहिल्याच ओळीत आईबापांचं लग्न लावून दिलं, यात मला लबाडी दिसत नाही.

आणि चरित्र म्हणजे खरं असंही काही नाही. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करवरचं रॉस रसेलचं 'बर्ड लिव्ज' (1973) कादंबरीसारखं रंगवलेलं आहे, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

ड्रग्जबद्दल. हो, आहेत, भरपूर आहेत. पण न्यूयॉर्कमध्ये 1940 ते 1967 दारू मिळणाऱ्या क्लबमध्ये वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागायचं, आणि ड्रग्जच्या केसमध्ये अडकलं की ते कार्ड जायचं, म्हणजे त्या शहरातली रोजीरोटीच बंद. बिलीचं गेलं. 1951 मध्ये पियानोवाल्या थेलोनियस मंकचं गेलं, बड पॉवेल या पियानोवाल्या मित्रासोबत पकडला गेला आणि मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही म्हणून, ते 1957 मध्ये परत मिळालं. रॉबिन केलीने चौदा वर्षं खपून लिहिलेलं मंकचं चरित्र (2009) वाचलं की "विक्षिप्त, जगाची शुद्ध नसलेला जीनियस" ही प्रतिमा किती पोकळ होती ते कळतं, तो घर चालवायच्या विवंचनेत असलेला कुटुंबवत्सल माणूस होता. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या आत्मचरित्रात (1989) बायकांना मारल्याचं तो स्वतः सांगतो, ते वाचून राग येतो आणि यायलाच हवा. त्याच पुस्तकात 'काइंड ऑफ ब्लू' हा त्याचा अल्बम आला त्याच महिन्यात, ऑगस्ट 1959 मध्ये, बर्डलँड क्लबबाहेर पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं तेही आहे. रेकॉर्डवर यातलं काहीच ऐकू येत नाही.

संगीत नसतं म्हणणाऱ्यांनी लुईस पोर्टरचं कोलट्रेनवरचं पुस्तक (1998) उघडून बघावं. 'अ लव्ह सुप्रीम'च्या शेवटच्या भागात कोलट्रेन सॅक्सोफोनवर त्या अल्बमवर छापलेली स्वतःची कविता शब्दागणिक म्हणतोय हे पोर्टरने दाखवून दिलंय, कविता समोर ठेवून ऐका, अंगावर काटा येतो. पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकचं 'पॉसिबिलिटीज' हे आत्मचरित्र सुरू होतं तेच स्टॉकहोमच्या कार्यक्रमात 'सो व्हॉट' वाजवताना त्याने चुकीचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबला आणि माइल्सने पुढचे सूर असे लावले की तो कॉर्डच बरोबर वाटायला लागला, या प्रसंगाने. आणि बडी बोल्डनचं काय करणार? न्यू ऑर्लीन्सचा तो कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे छोटा ट्रम्पेट) 1907 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला, त्याची एकही रेकॉर्ड आज उपलब्ध नाही. तो न्हावी होता, वर्तमानपत्र काढायचा, या दंतकथा डोनाल्ड मार्क्विसने 1978 मध्ये नोंदी तपासून खोडून काढल्या. त्याच्या बाबतीत "रेकॉर्ड ऐका" म्हणून भागत नाही.

सुरुवात हर्बीपासून करा, सगळ्यात सोपं आहे. मग मंक. बिली वाचाल तर श्वेड लगेच मागोमाग. मुंबईकरांनी एडन लेव्हीने लिहिलेलं सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सचं जाडजूड चरित्र (2022) जरूर बघावं, कारण हा माणूस साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि 1978 च्या जॅझ यात्रेत वाजवूनही गेला. बासवाल्या चार्ल्स मिंगसचं आत्मचरित्र 'बिनीथ द अंडरडॉग' मात्र शेवटी ठेवा, त्यात बायकांच्या बढाया खरंच फार आहेत आणि संगीत कमी, ते त्याच्या सात-आठ रेकॉर्ड ऐकून झाल्यावरच घ्या.