शाळेविरुद्ध तक्रार केली की ग्रीन कार्ड अडतं म्हणे!

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. वर दोन बाण, म्हणजे आधीच शेकडो ठिकाणी फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: पब्लिक स्कूलविरुद्ध, म्हणजे इथल्या सरकारी शाळेविरुद्ध, लेखी तक्रारीच्या भानगडीत पडू नका. एक, तो हक्क फक्त सिटिझन्सचा. एच-वनवाल्यांनी (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी) केली तर ग्रीन कार्ड अडतं. दोन, टायटल वन वगैरे केंद्राचा पैसा गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठी, आपला काय संबंध? तीन, ॲडमिशनच्या फॉर्मवर घरची भाषा इंग्लिशच लिहा, पुढची कटकट नको. चार, वकिलाशिवाय कोणी विचारत नाही. पाच, टीचर मुलावर डूख धरतात. सहा, ट्रम्पने शिक्षण खातंच बंद केलंय, ऐकणार कोण? खाली जोडलेले हात आणि 'अनुभवाचे बोल'.

अनुभव माझ्याही गाठीशी आहे, म्हणून हा उपद्व्याप. सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण आपली मंडळी सगळ्यात जास्त तिथेच घसरतात.

कॅलिफोर्नियात ॲडमिशन घेताना घरच्या भाषेबद्दल चार प्रश्न विचारतात: मूल आधी कोणती भाषा बोलायला शिकलं, घरी कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. उत्तर 'मराठी' आलं की मुलाची एल्पॅक नावाची इंग्रजीची चाचणी होते. ती चांगली गेली तर विषय तिथेच मिटतो, 'इंग्लिश लर्नर' हा शिक्का बसत नाही. नाही गेली, तर मुलाला इंग्रजीसाठी मदत मिळायलाच हवी, आणि ती कोणाच्या मेहरबानीने नव्हे. १९७४ साली 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. खटला आपल्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोचाच होता. तिथल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यांना तसंच वर्गात बसवून ठेवत होत्या. सगळ्यांना सारखीच पुस्तकं नि सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, असं कोर्ट म्हणालं. फॉर्मवर खोटं 'इंग्लिश' लिहिणारा माणूस हा हक्क स्वतःच्या हाताने खोडतो. आणि घरी मराठी बोलतो याची लाज वाटावी असं त्यात काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

शिक्का बसला तर काय, हेही सांगते. माझी मुलगी पुण्याहून आली ती पहिलीच्या अर्ध्या वर्षात. चाचणीत ती 'इंग्लिश लर्नर' ठरली. ठीकच होतं, तिला तेव्हा 'मे आय गो टु द रेस्टरूम' यापलीकडे काही बोलता येत नव्हतं. पण रोज गणिताच्या तासाला तिला उठवून इंग्रजी शिकवायला लायब्ररीतल्या एका टेबलाशी नेत होते, आणि हे आम्हाला कळलं तिच्याच तोंडून, दीड महिन्याने. केंद्राच्या कायद्याप्रमाणे पालकांना पत्र यायला हवं. मुलाची निवड का झाली, त्याची पातळी काय, कोणत्या पद्धतीने शिकवणार, यातून बाहेर कधी पडणार, आणि तुम्हाला नको असेल तर नाही म्हणता येतं, हे सगळं त्यात असतं. वर्षाच्या सुरुवातीलाच निवडलेल्या मुलांसाठी मुदत ३० दिवस, मध्येच आलेल्यांसाठी दोन आठवडे. आम्हाला पत्र आलंच नाही. शाळा सुटताना टीचरना विचारलं, ऑफिसात विचारलं, प्रिन्सिपलना ईमेल केली. सगळे गोड बोलले.

मग ते ऑगस्टचं जाडजूड पॅकेट काढलं, जे आपण सगळे शेवटच्या पानावर सही करून परत पाठवतो. तिसाव्या पानाच्या आसपास 'युनिफॉर्म कंप्लेंट प्रोसीजर्स' असं लिहिलेलं होतं, म्हणजे शाळेविरुद्ध लेखी तक्रार करायची ठरलेली पद्धत. ही सूचना पालकांना दरवर्षी देणं डिस्ट्रिक्टवर, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर, बंधनकारक आहे. फॉर्म दीड पानाचा. मी आधी चार पानांचं पुराण लिहिलं, त्यात आमच्या पुण्याच्या शाळेतल्या बाईंचासुद्धा उल्लेख होता. नवऱ्याने ते कापून तीन वाक्यांवर आणलं: मुलगी अमुक तारखेपासून या वर्गाला जाते, कायद्याने यायला हवं ते पत्र आलेलं नाही, ते द्यावं आणि इतर पालकांनाही गेलंय का ते तपासावं. सत्तेचाळिसाव्या दिवशी लेखी उत्तर आलं. वर्षाच्या मध्ये आलेल्या कोणत्याच मुलाच्या घरी पत्र गेलं नव्हतं, हे मान्य केलं होतं. आठवड्याभरात सगळ्यांना पत्रं गेली. गणिताचा तास मात्र तसाच बुडत राहिला, कारण तो मी तक्रारीत लिहिलाच नव्हता! चौकशी होते ती फक्त कागदावर आलेल्या गोष्टीची. त्यासाठी पुन्हा वेगळं बोलावं लागलं.

चौथा मुद्दा यातच निकालात निघतो. वकील नाही, फी नाही. आजार-अपंगत्वामुळे किंवा लिहिता येत नसल्यामुळे कोणाला तक्रार लिहिणं जमत नसेल, तर ती लिहायला डिस्ट्रिक्टच्या माणसांनी मदत करायची असते.

आता ग्रीन कार्ड. तक्रार कोण करू शकतं, याच्या नियमांत नागरिकत्वाची अट कुठेही नाही. 'कोणतीही व्यक्ती किंवा संस्था' अशीच भाषा आहे. मुळात मुलाच्या शाळाप्रवेशालाच ती अट नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळा दार बंद करू शकत नाही, हे टेक्ससच्या 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात १९८२ सालीच ठरलंय. आय-४८५ या ग्रीन कार्डच्या अर्जाची ती मारुतीच्या शेपटासारखी प्रश्नावली ज्यांनी भरली असेल त्यांनी आठवून बघावं. दहशतवादापासून बहुपत्नीत्वापर्यंत सगळं विचारलेलं असतं, शाळेविरुद्ध तक्रार केली होती का, हे कुठेही नाही.

टायटल वनचं म्हणाल, तर हा पैसा १९६५ पासून येतो, हल्ली वर्षाला साधारण १,८०० कोटी डॉलर. तो गरिबीच्या प्रमाणात वाटला जातो हे खरं. पण शाळेतली ४० टक्के मुलं गरीब घरांतली असतील तर शाळा तो पैसा सगळ्या शाळेच्या सुधारणेसाठी वापरू शकते, मग तुमचा मुलगा त्यात आपोआप आला. सॅन होजेच्या अपार्टमेंटांत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांची मुलं अशा शाळांत जातात, आई-बापांना पत्ता नसतो. ज्या डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरहून जास्त मिळतात, त्याने किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला ठेवायचा असतो, आणि तो कसा खर्च करायचा यात पालकांचं मत घ्यायचं असतं. तुम्हाला कधी विचारलं?

मूल उशिरा बोलायला लागलंय, ऑटिझम आहे, तर तिथे मिळकतीचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी कायदा वेगळा आणि तक्रारीचं दारही वेगळं: थेट सॅक्रामेंटोला राज्याच्या शिक्षण खात्याकडे लिहायचं, प्रत डिस्ट्रिक्टला, गोष्ट घडल्यापासून एक वर्षाच्या आत, निर्णय ६० दिवसांत. आपल्याकडे हा विषय अजून कुजबुजत बोलतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

डूख धरण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मलाही रात्रभर झोप लागली नव्हती. सूड उगवायला कायद्याने मनाई आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये रॉडरिक जॅक्सन नावाच्या कोचने मुलींच्या बास्केटबॉल टीमला दुय्यम वागणूक मिळते अशी तक्रार केली, त्याचं कोचपद गेलं, आणि २००५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तक्रार केल्याबद्दल शिक्षा करणं हाही भेदभावच. पण वर्गातल्या बाईंच्या कपाळावरची आठी कुठलं कोर्ट पुसणार? म्हणून तक्रार माणसाबद्दल न लिहिता कामाबद्दल लिहायची: कोणतं पत्र आलं नाही, कोणती मीटिंग झाली नाही. ती जाते डिस्ट्रिक्टच्या अधिकाऱ्याकडे, वर्गात नाही. 'टीचर उद्धट बोलल्या' हा या फॉर्मचा विषयच नव्हे, त्याचा रस्ता वेगळा.

सहावा मुद्दा अर्धा खरा आहे. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याने जवळपास निम्मी माणसं कमी करण्याचा निर्णय घेतला, आणि नागरी हक्कांच्या तक्रारी पाहणाऱ्या विभागाची १२ पैकी ७ प्रादेशिक कार्यालयं बंद केली. त्यात आपलं सॅन फ्रान्सिस्कोही गेलं. वंश, लिंग, अपंगत्व यावरून भेदभावाची तक्रार त्या विभागाकडे करायची तर मुदत १८० दिवसांची, पण उत्तराची वाट किती पाहावी लागेल ते सांगता येत नाही. मात्र खातं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९७९ साली कायदा करून उभारलंय, ते पूर्ण बंद करायला पुन्हा काँग्रेसच लागते. आणि माझ्यासारख्या, पत्र न आल्याच्या तक्रारी मुळात वॉशिंग्टनला जातच नाहीत. डिस्ट्रिक्टला उत्तर द्यायला ६० दिवस, ते पटलं नाही तर ३० दिवसांत सॅक्रामेंटोला अपील. भेदभावाची तक्रारही इथे डिस्ट्रिक्टकडे करता येते, सहा महिन्यांच्या आत.

यंदाचं पॅकेट परवा आलं. तक्रारीची माहिती ३४ व्या पानावर आहे, अधिकाऱ्याचं नाव बदललंय. सही करण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय.