फितूर म्हणे!

सकाळी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलं. ‘साक्षीदार फितूर, खुनाच्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष.’ खाली दहा मिनिटांत आपला निकालही लागला. ‘किती घेतले असतील रे?’ ‘असल्यांनाच आधी आत टाका.’ एकाने तर दात काढणारं ते पिवळं तोंड चिकटवलं. दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही बसवत.

फितूर कुणाला म्हणतो आपण? गडावरचं खाऊन रात्री शत्रूला दोर सोडणाऱ्याला. अरे, पण ज्याला तुम्ही गडावर कधी घेतलंच नाही, उन्हात दरवाजाबाहेर बसवून ठेवलंत, तो कसली फितुरी करणार? आणि गंमत बघा. १८७२च्या पुरावा कायद्यातल्या ज्या कलमाखाली साक्षीदार ‘होस्टाइल’, म्हणजे फितूर, ठरवायचे, त्या कलमात तो शब्दच नव्हता. त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही नाही. ज्याने साक्षीदार बोलावला त्यालाच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी कोर्ट देऊ शकतं, एवढंच लिहिलंय. बाकीचे शिक्के आपले.

माझे बाबा खुनाच्या खटल्यात साक्षीदार होते. इथल्या फार थोड्यांना हे माहीत आहे.

दुसरी पाळी संपवून सायकलवरून येत होते. गल्लीच्या तोंडाशी, दिव्याखाली, एकाने दुसऱ्याला भोसकलं. मारणारा तोंडओळखीचा. त्याच रात्री बाबा पोलीस ठाण्यात गेले, आपणहून. ते सांगत होते आणि हवालदार ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ करत लिहीत होते. त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे. म्हणजे लिहिणार दुसरा, भाषा दुसऱ्याची, आणि पुढे त्यातल्या शब्दाशब्दाला बांधलेले कोण, तर बाबा.

समन्स आलं पाच वर्षांनी. पहिल्यांदा गेले तेव्हा आरोपीचे वकील आजारी. दुसऱ्यांदा न्यायाधीशांची बदली झालेली. तिसऱ्यांदा पुकाराच झाला नाही, संध्याकाळी शिपाई म्हणाला, ‘जा काका, तारीख पडली.’ दर खेपेला बिनपगारी रजा. आणि बाहेरच्या एकाच बाकावर इकडे बाबा, तिकडे आरोपीचे भाऊबंद. साक्षीदार हजर असले की त्यांच्या साक्षी होईपर्यंत खटला रोज चालवावा, असंही कायद्यात लिहून ठेवलंय बरं का. लिहिलेलं छान असतं सगळं. २००० साली तर सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की साक्षीदाराला पुन्हापुन्हा खेपा घालायला लावतात, तो कंटाळून सोडून देतो. बाबांना हे कुणी सांगितलं असतं तर तेवढंच बरं वाटलं असतं!

चौथ्या खेपेला साक्ष झाली. सरकारी वकिलांची सरतपासणी पंधरा मिनिटं, मग आरोपीच्या वकिलांची उलटतपासणी. किती फुटांवर होतात? चष्मा होता का? सायकलवरून उतरला होतात की बसून बघितलंत? आणि मग तो शर्ट.

‘आरोपीच्या अंगात शर्ट कुठल्या रंगाचा होता?’
‘राखाडी.’
‘जबाबात तर निळा लिहिलाय.’
‘मी निळा नव्हतं सांगितलं.’
‘म्हणजे पोलिसांनी खोटं लिहिलं?’
बाबा म्हणाले, ‘तसं मी कसं म्हणू.’
‘मग आज तुम्ही खोटं सांगताय.’

पाच वर्षांपूर्वीचा शर्ट हो! तुमच्या स्वतःच्या साखरपुड्यात मेव्हण्याच्या अंगात काय होतं ते सांगा बघू.

हो, उलटतपासणी कडक हवीच. नाहीतर उद्या कुणीही उठून कुणाकडेही बोट दाखवेल आणि निरपराध माणूस लटकेल. कळतं मला. पण कोर्टंच म्हणतात ना, साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात? किरकोळ विसंगतीवरून अख्खी साक्ष फेकायची नसते, असंही म्हणतात. निकालात बाबांची साक्ष ‘विश्वासार्ह वाटत नाही’ होती. संशयाचा फायदा. आरोपी सुटला आणि त्याच गल्लीत राहायला आला.

खूप वर्षांनी मला कळलं की त्या जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्याखाली निळा रंग राखाडीच दिसतो. जप्त केलेला शर्ट निळा होता. बाबांनी डोळ्यांना दिसलं ते सांगितलं आणि लिहिणाऱ्याने जप्तीतला रंग लिहिला, असंच झालं असणार. त्यांना सांगितलं तर नुसते ‘असेल’ म्हणाले.

जेसिका लाल खटला आठवतोय ना? १९९९चा खून, भरल्या पार्टीत, आणि २००६ला सगळे सुटले, कारण पाहणाऱ्यांनी शब्द फिरवला. देश रस्त्यावर आला तेव्हा हायकोर्टात निकाल फिरला. प्रत्येक खुनासाठी देश थोडाच रस्त्यावर येतो? आणि बेस्ट बेकरी, २००२च्या गुजरात दंगलीतलं वडोद्याचं जळीतकांड. घरची माणसं जळताना पाहिलेल्या मुलीने जबाब फिरवला आणि कोर्टाच्या अवमानाबद्दल वर्षभराची शिक्षा तिलाच झाली. तिने पैसे घेतले असं चौकशी समितीने म्हटलं होतं, ठीक आहे, घेतात काही जण. पण ‘किती घेतले’ विचारणाऱ्यांनो, ‘दिले कुणी’ हा प्रश्न ग्रुपवर का येत नाही?

साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये देशभर लागू केली. जिवाला धोका किती त्याचा पोलिसांनी अहवाल द्यायचा, गरज असेल तर पहारा, घर बदलणं, ओळख लपवणं. बाबांच्या वेळी यातलं काही नव्हतं. असतं तरी त्यांनी अर्ज केला नसता. धमकी अशी कुणी दिलीच नव्हती. साक्षीच्या आदल्या रात्री दोघे घरी आले, पाणी प्यायले, मला विचारलं, ‘कितवीत आहेस? बारावी? क्लास किती वाजता सुटतो?’ आणि गेले. बस्. एवढंच.

हे लिहायचं नव्हतं खरं तर. मघापासून तुमच्यावर चिडतेय, पण त्या रात्री आई काहीच बोलली नव्हती. मी बोलले होते. ‘बाबा, अंधार होता म्हणा ना. नीट दिसलं नाही म्हणा.’ त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि जे पाहिलं ते सांगून आले. त्या घरात फितूर कुणी असेल तर मी.

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगखाली मोठी मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. पोलीस दारोदार विचारत वर आले. बाबा पूर्ण वेळ बाल्कनीत उभे होते, मी बघितलं होतं. दार त्यांनीच उघडलं आणि म्हणाले, ‘मी झोपलो होतो, साहेब.’

मी आत ओट्यापाशी होते. बाहेर आले नाही.