आकडे संगणकातच तयार होतात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उपग्रहावरून कार्बन डायऑक्साइड मोजण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "सातशे किलोमीटरवरून दहा लाखांतला एक भाग ओळखतात म्हणे! ढग आले की उपग्रह आंधळा. आकडे संगणकातच तयार होतात. इंदूरला पोहे-जिलबी खात नासाची भलामण करायला काय जातं?"

मतभेद असू देत, पण हा सूर कशासाठी? माझ्या पोह्यांचा इथे काय संबंध? इंदूरच्याच एका महाविद्यालयात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. अंधाऱ्या प्रयोगशाळेत वर्णपटमापकातून दिसणारी सोडियमच्या प्रकाशाची पिवळी रेघ, त्याची फट पुरेशी बारीक केली की दुभंगते : ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. "सर, दोन आहेत!" असं मुलं ओरडायची. वर्णपट कसा वाचतात, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

संगणकाचं ते वाक्य मात्र सोडवत नाही. २०१४ साली सोडलेला नासाचा उपग्रह ओसीओ-२ पृथ्वीवरून परतलेलं ऊन तीन पट्ट्यांत तपासतो. १.६१ आणि २.०६ मायक्रॉन तरंगलांबीला कार्बन डायऑक्साइड प्रकाश शोषतो, ०.७६ला ऑक्सिजन. ऑक्सिजन कशाला? कोरड्या हवेत त्याचं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच, म्हणून प्रकाश किती हवेतून आला ते त्यावरून कळतं. मग खाली डोंगर असो की दरी, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण काढता येतं.

हिशेब संगणक करतो, बरोबर. पण तो ताडून पाहतात. टीसीसीओएन या मोजणी-जाळ्याच्या जमिनीवरच्या केंद्रांतली उपकरणं थेट सूर्याकडे बघून तोच वायू मोजतात, आणि त्यांची जुळणी विमानातून घेतलेल्या मोजमापांशी केलेली असते. चारशेहून अधिक पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आकड्यात उपग्रह आणि ही केंद्रं यांच्यातला फरक साधारण एका पीपीएमच्या आसपास राहतो. घरबसल्या आकडे रचणाऱ्याला असली परीक्षा परवडेल का?

ढगांचं मान्य. बहुतेक निरीक्षणं ढग आणि धुळीपायी टाकूनच द्यावी लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात फारच थोडं हाती लागतं. पण जे नीट दिसलं नाही ते टाकून देणं हा प्रामाणिकपणाच ना?

अंतराचं उत्तर मूळ लेखात आहे, तो पूर्ण वाचा. आणि भलामण? फेब्रुवारी २००९मध्ये नासाचा पहिला ओसीओ रॉकेटच्या टोकावरचं आवरण न सुटल्याने समुद्रात पडला, हेही मीच तिथे लिहिलंय. त्याच्या महिनाभर आधी याच कामासाठीचा जपानचा उपग्रह गोसॅट वर गेला होता. तोही नासाचाच का?

पुढची प्रतिक्रिया विषयाला धरून असेल तरच इथे ठेवीन.