‘दोन दिवस उपाशी राहिली की येईल ताटावर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वजनाच्या धास्तीने जेवण टाळणाऱ्या मुलींचे हे नखरे म्हणजे खात्यापित्या घरातलं पाश्चात्त्य खूळ, आपल्या बायका पिढ्यानपिढ्या उपास करत आल्या, आणि दोन दिवस उपाशी राहिली की पोरगी आपोआप ताटावर येते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण धोका तिथे आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वखुशीने आलेले. वजन जवळपास पाव हिश्श्याने उतरलं, नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. चिडके, एकलकोंडे झाले. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले! चांगल्या डोक्याची माणसं उपासमारीने अशी झाली. त्यामुळे घरच्यांना आग्रहाने वाढून स्वतः न जेवणारी, तासन्‌तास रेसिपीचे व्हिडिओ बघणारी तेरा वर्षांची मुलगी मला नाटकी वाटत नाही. भूक लागूनही तिला घास घेववत नाही.

पाश्चात्त्य खूळ? अर्धं मान्य. फिजीच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. तिथे अंगाने भरलेलं असणं चांगलं मानत. संशोधक ॲन बेकर यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये ते प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं होतं. खूळ बाहेरून आलं असेल, उलट्या खऱ्याच होत्या.

उपासाचं म्हणाल, तर संकष्टी चंद्रोदयाला सुटते, आणि तोवर साबुदाण्याची खिचडी असतेच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास एकदम वाढवणाऱ्या मुलीकडे मात्र बघा. घरात तिचं कौतुकच होत असतं, म्हणून कुणी काही विचारत नाही.

नातीचा डबा रोज भरलेलाच परत येतो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चक्कर येते का, पाळी थांबली आहे का, हे तिच्या आईला विचारू द्या, आणि बालरोगतज्ज्ञांकडे न्या. दिसायला बारीक नाही म्हणून थांबू नका; वजन झपाट्याने उतरलं असेल, तर अंगाने भरलेल्या मुलांचीही नाडी मंदावू शकते. ‘जाडू’ ही हाक लाडाचीही नको. तोवर कुणाशी बोलावंसं वाटलं, तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.