किरणोत्सारी कचऱ्याच्या नोंदी ठेवण्याची नाशिक पद्धत

तुमच्या हॉस्पिटलात न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार) सुरू झालंय, कागदी रजिस्टर फेकून देऊन ‘सगळं डिजिटल’ करायचं ठरलंय. अभिनंदन! परवाच शहरातली अशी एक फाइल पाहण्याचा योग आला. नाव ‘वेस्ट फायनल नवीन 2’. बघून हात जोडले. तुम्हालाही ही कला साधावी म्हणून चार सूचना.

पासवर्ड एकच असावा आणि मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली असावी. टेक्निशियन, आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी), रिसेप्शनवरची मुलगी, एसी दुरुस्तीला आलेला माणूस, सगळे ‘ॲडमिन’. नोंद कोणी बदलली, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार: ॲडमिनने.

किरणोत्साराचं युनिट लिहू नये. नुसतं ‘5’ लिहावं. मिलिक्युरी की मायक्रोक्युरी, ते वाचणाऱ्याने बघून घ्यावं. फरक काय, हजारपटीचाच.

तारखेत मात्र कल्पकता दाखवा. 05/06 एवढंच टाका. एका लॅपटॉपची सेटिंग भारतीय, तो 5 जून वाचेल. दुसऱ्याची अमेरिकन, तो 6 मे. आयोडीन-131 चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, 8 दिवसांचं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे 80 दिवस कचऱ्याची पिशवी डिके रूममध्ये (किरणोत्सार ओसरेपर्यंत कचरा ठेवायच्या खोलीत) राहिली की मूळच्या किरणोत्साराचा 1024 वा भाग उरतो. पिशवी खरी 5 जूनची, पण 6 मे धरून मोजलं तर ती पन्नासाव्या दिवशीच बाहेर. तेव्हा उरलेला असतो साधारण 76 वा भाग, उरायला हवा होता त्याच्या तेरापटीहून जास्त. आणि फाइल बोंब मारत नाही. हिरव्या रंगात ‘रिलीज’ दाखवते, कारण फॉर्म्युला बरोबरच आहे! म्हणाल, बाहेर काढण्याआधी किरणोत्सार सर्व्हे मीटरने मोजतातच की. मोजतात? रकाना बघा जरा. ओळीने सगळ्या पिशव्यांचं वाचन ताशी 0.12 मायक्रोसिव्हर्ट, शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. एक आकडा टाकायचा, सेलचा कोपरा धरायचा, खाली ओढायचा. बॅकग्राउंड, म्हणजे पिशवी नसतानाचं वाचन, किती होतं? रिकामं. कुठल्या मीटरने मोजलं, त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं? रिकामं. उद्या तपासणी, म्हणून तिमाहीच्या नोंदी आज रात्री जेवण झाल्यावर. त्या घाईत कुणीतरी ‘आयसोटोप’ हा एकच रकाना निवडून सॉर्ट मारतो. आयसोटोप वर-खाली झाले, पिशव्यांचे नंबर जागच्या जागी. आयोडीनच्या पिशवीपुढे आता टेक्नेशियम, अर्धायुष्य सहा तास! साठ तास झाले की मोकळी, पिवळ्या पिशवीतून थेट जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत. गाडीवरचा पोरगा ती हातमोज्यांशिवाय उचलतो, पाठीवर टाकतो. त्याच्या छातीवर किरणोत्साराचा डोस नोंदवणारा टीएलडी बॅज नसतो हो. त्याला कोण सांगणार?

असो. सूचना चालू.

बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर घ्यावा.

लेबलं थर्मल प्रिंटरचीच छापा. काही महिन्यांत उष्णतेने पुसट होतात, मग पिशवीत काय आहे यावर चर्चा रंगते.

रुग्णांच्या शौचालयातलं किरणोत्सारी पाणी साठवायचे डिले टँक दोन असतात: एक भरत असतो, दुसऱ्यातलं पाणी डिकेसाठी अडवून ठेवलेलं असतं. कुठला व्हॉल्व्ह कोणी, कधी, कुठला नमुना मोजून उघडला, हे लिहीत बसू नका. गोदामाई सगळं पोटात घालते.

अंबड-सातपूरच्या, धातूचे जोड किरणांनी तपासणाऱ्या रेडिओग्राफीवाल्यांनी किरणोत्सारी इरिडियमचा कॅमेरा साइटवर गेला-आल्याची नोंद व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवावी, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू करून.

आणि जुना किरणोत्सारी सोर्स कोपऱ्यात ठेवून विसरून जावा. दिल्ली विद्यापीठात हेच झालं. 1968 मध्ये घेतलेला कोबाल्ट-60 चा गॅमा सेल (संशोधनासाठी गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र) 1985 पासून पडून होता. 2010 मध्ये भंगाराच्या लिलावात विकला गेला, दिल्लीच्याच मायापुरी भंगार बाजारात फोडला, एका कामगाराचा जीव गेला. सोर्स गुपचूप कोणी चोरला नव्हता. विद्यापीठानेच विकला होता. अंबड लिंक रोडला भंगार बाजार आपल्याकडेही होताच.

थट्टा पुरे. विल्हेवाटीच्या नोंदी ठेवा, हे किरणोत्सारी कचऱ्याच्या 1987 च्या नियमांपासून लिहिलेलं आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर सोर्सचे अर्ज करता तेव्हा एक अक्षर चुकू देत नाही, आणि स्वतःच्या डिके रूममध्ये हा खेळ? प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करा. जुनी नोंद पुसायची नाही. दुरुस्ती नव्या ओळीत, कारण आणि वेळेसकट. महिना अक्षरात लिहा, युनिट यादीतून निवडायला लावा. पिशवी सोडताना मीटरचा नंबर, बॅकग्राउंड आणि दोघांच्या सह्या. दर आठवड्याची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि ती उघडून बघा, उघडते की नाही ते. सॉफ्टवेअरला बजेट नाही म्हणे! ‘जून’ लिहायला कसलं बजेट लागतं?