"युरोपात बघा" म्हणणाऱ्या दोन्ही काकांना

एप्रिलच्या मध्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर दोन काकांची जुंपली. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला होता. मोठे काका म्हणाले, "युरोपात बघा, शाळकरी पोरं तीन-तीन भाषा बोलतात." धाकट्या काकांचं उत्तर लगेच आलं, "युरोपात बघा, जो तो आपल्याच भाषेला धरून बसलाय." मग दोघांनाही एकदम आठवलं की घरातली एक मुलगी सध्या युरोपातच आहे. "तूच सांग गं, तिकडे काय असतं?"

मी तेव्हा बेल्जियममध्ये ल्यूव्हनला होते, इरॅस्मस प्लस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून एका सेमिस्टरसाठी. फेब्रुवारी ते जुलै, तीस क्रेडिट, मार्क वीसपैकी, दहाला पास. तिथे विद्यार्थ्यांच्या खोलीला 'कॉट' म्हणतात, त्यामुळे माझ्या कॉटमध्ये एक कॉट, एक टेबल आणि एक खिडकी होती. काकांचा मेसेज आला तेव्हा मी सामायिक स्वयंपाकघरात कुकरशिवाय तूरडाळ शिजवत उभी होते. म्हणजे वेळ भरपूर होता. तरी मी "दोघांचंही बरोबर आहे" एवढंच लिहिलं आणि दोघांनाही नाराज केलं. आता परत आल्यावर नीट सांगते.

पहिल्याच महिन्यात मी बेल्जियमच्या फ्रेंच भागातल्या लीएज शहराला जायला निघाले आणि गाडी चुकवली. बोर्डावर लीएज नावच नव्हतं. होतं 'लाउक'. ते लीएजचंच डच नाव, आणि ल्यूव्हन डच भागात, म्हणून बोर्डावर तेच. पुढची गाडी पकडली तेव्हा लक्ष देऊन ऐकलं. ल्यूव्हनहून निघताना घोषणा डचमध्ये. लांडेन हे डच भागातलं शेवटचं मोठं स्टेशन मागे पडलं, शेतं तीच, गाई त्याच, कंडक्टरही तोच, पण आता तो फ्रेंच बोलू लागला. पुढच्या वारेम गावाला डचमध्ये 'बोर्गवोर्म' म्हणतात, पण ते नाव त्या गावात तुम्हाला कोणी ऐकवणार नाही. ही अदृश्य रेघ 1962-63 मध्ये कायद्याने आखलेली आहे. फक्त ब्रसेल्समध्ये दोन्ही भाषा चालतात, रस्त्यांच्या पाट्यांसकट. 2024 च्या शेवटी तिथे एक बातमी गाजली होती. डच भागातल्या व्हिलव्होर्डेच्या अलीकडे एका कंडक्टरने डच नमस्काराला जोडून 'बोंजूर' म्हटलं, आणि एका प्रवाशाने भाषा-आयोगाकडे रीतसर तक्रार केली. धाकटे काका, तुमचे लोक तिथेही आहेत. फरक इतकाच की तक्रार कागदावर झाली. मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराच्या थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ जुलैमध्ये माझ्या फोनवर आला, तेव्हा मला तो 'बोंजूर'वाला प्रवासी आठवला. हट्टीपणात तो कुणाला ऐकला नसता, पण त्याने हात नाही उगारला.

आता मोठ्या काकांचा मुद्दा. ज्याच्या नावाने मला शिष्यवृत्ती मिळाली तो विद्वान इरॅस्मस ल्यूव्हनमध्येच राहिलेला, आणि 1517 मध्ये तिथे 'कोलेजियम त्रिलिंग्वे' उभं राहिलं ते त्याच्याच पुढाकाराने, बुस्लायडेन नावाच्या मित्राने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून. त्रिलिंग्वे म्हणजे त्रिभाषा. पाचशे वर्षांपूर्वीचं त्रिभाषा सूत्रच म्हणा ना! भाषा कोणत्या? लॅटिन, ग्रीक, हिब्रू. कॉलेज मासळीबाजाराजवळ होतं, पण त्या मासळीबाजारात बोलली जाणारी भाषा तिघींत नव्हती. विद्वानांना त्याचं काही वाटलं नसेल. कोळणींना तर पत्ताही नसेल.

आजचं त्रिभाषा बघायचं तर लक्झेम्बर्गला जावं. मी गेले ते मुख्यतः तिथे 2020 पासून बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट आहे म्हणून. (पॅरिस, ॲमस्टरडॅमही झालं. ते फोटो सगळ्यांकडे असतात, सोडून द्या.) तिथली मुलं बालवाडीत लक्झेम्बर्गिश बोलतात, पहिलीत लिहा-वाचायला शिकतात ती जर्मनमध्ये, मग फ्रेंच, आणि पुढे माध्यमिकला गणितसुद्धा फ्रेंचमध्ये. मोठ्या काकांना हे स्वर्गासारखं वाटेल. पण मला कॉफी देणारी मुलगी पोर्तुगीज घरातली होती. देशातले जवळपास निम्मे रहिवासी परदेशी नागरिक, त्यात पोर्तुगीज सर्वांत जास्त. तिच्या घरी जर्मनचा एक शब्द कुणाला येत नव्हता, गृहपाठाला मदत करणार कोण? "पहिलीत मी मठ्ठ आहे असंच मला वाटायचं," ती म्हणाली. अशा मुलांसाठी 2022 मध्ये काही शाळांत आधी फ्रेंचमध्ये लिहा-वाचायला शिकवून बघायला सुरुवात झाली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हे सूत्र चालवणारा श्रीमंत, चिमुकला देशही पहिलीच्या वर्गाबद्दल अजून चाचपडतोय. आणि आपण ते एका परिपत्रकात उरकणार होतो. बेल्जियमच्या डच शाळांत फ्रेंच सक्तीची आहे, पण साधारण पाचवीपासून. तोवर पोराला स्वतःच्या भाषेत बसू देतात. माझं मत विचाराल तर तेच शहाणपणाचं.

पण मला दोन्ही काकांशी भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून. आपण पहिलीच्या दारात उभं राहून भांडतो. ल्यूव्हनच्या लोकांनी भांडण केलं ते विद्यापीठाच्या दारात.

एकोणिसाव्या शतकात डच बोलणाऱ्या फ्लेमिश मुलांना आपल्याच गावात उच्च शिक्षण फ्रेंचमधून घ्यावं लागे. संपूर्ण डचमधून शिकवणारं बेल्जियममधलं पहिलं विद्यापीठ गेंटचं, तेही 1930 मध्ये. ल्यूव्हनमध्ये दोन्ही भाषांचे विभाग एकत्र नांदत होते, ते 1968 पर्यंत. त्या वर्षी फ्रेंच विभागाच्या विस्ताराची योजना आली, विद्यार्थी 'वालेन बाउतन', म्हणजे वालोनी (फ्रेंच बोलणारे) लोक बाहेर, म्हणत रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत देशाचं सरकार पडलं. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच विभागासाठी भाषारेषेपलीकडे लुव्हँ-ला-नव हे आख्खं गाव नव्याने वसवलं. ग्रंथालयाची वाटणीही झाली, सम क्रमांकाचे ग्रंथ एकीकडे, विषम दुसरीकडे. दोन वेळा, 1914 आणि 1940 मध्ये, जर्मनांच्या हल्ल्यात जळून पुन्हा उभं राहिलेलं हे ग्रंथालय. त्याची अशी वाटणी वाचून मला पोटात कसंसंच झालं. त्या आंदोलनाचं कौतुक करावं की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

पण त्याचं फळ मी रोज बघत होते. माझी शेजारीण कोर्टरेइकची. तिची पश्चिम फ्लेमिश बोली इतकी वेगळी की टीव्हीवर खाली डच अक्षरं दाखवतात. परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या दिवसांना तिथे 'ब्लॉक' म्हणतात. त्या ब्लॉकमध्ये एका रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात सांख्यिकी घोकत होतो. तिच्या वहीत लिहिलेलं होतं 'स्टांडार्डाफ्वाइकिंग'. माझ्या वहीत 'स्टँडर्ड डेव्हिएशन'. तिने विचारलं, तुमच्यात काय म्हणतात?

मी मराठी माध्यमातून दहावी झालेली. मध्य, मध्यक, बहुलक इथपर्यंत तोंडपाठ. त्यापुढे पाटी कोरी. अकरावीत इंग्रजी आली आणि माझी मराठी बहुलकापाशी थांबली ती थांबलीच. शेवटी फोनवर शोधला शब्द: प्रमाण विचलन. तिने तो दोनदा म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा मी म्हटला, आयुष्यात पहिल्यांदा.

एक कबूल करायला हवं. मी ल्यूव्हनला शिकू शकले ती इंग्रजी विषयांमुळेच. फ्लेमिश विद्यापीठांतही पदव्युत्तरला इंग्रजी जोरात घुसली आहे. तरी पहिल्या पदवीला इंग्रजीतून किती शिकवायचं यावर त्यांनी कायद्याने मर्यादा घातलीय, आणि ती किती असावी यावर वाद चालतो. आपल्याकडे पदवीच्या मराठीवरून कुणाचं सरकार पडेल असं वाटतं तुम्हाला? धाकट्या काकांच्या नातवंडांच्या शाळेचं माध्यम मी मुद्दाम लिहीत नाही.

29 जूनला हिंदीचे दोन्ही शासन निर्णय, एप्रिलचा आणि जूनमधला सुधारित, रद्द झाले तेव्हा माझा एक पेपर राहिला होता. शेजारणीला सगळं प्रकरण माहीत झालेलं, तिने ब्रेडवर चीज लावता लावता विचारलं, "मग कोण जिंकलं?"

म्हटलं, "सरकारने समिती नेमली."

"समिती?" ती बेल्जियन, तिला यातलं सगळं कळतं. सुरी तशीच हातात धरून ती हसत सुटली. "मग निकाल तुझी नातवंडं मला कळवतील."